हावेलिना म्हणजे रानडुक्कर नव्हे, आणि पिपाणी वाजवून शेत वाचत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत कोकणातल्या एका शेतकरी काकांचं पत्र आलं होतं. रानडुकरांनी भुईमूग आणि नाचणीची कशी वाट लावली ते त्यांनी लिहिलं होतं आणि शेवटी उपाय सुचवला होता, की अमेरिकेत ॲरिझोनामध्ये लोक पिल्लाच्या किंचाळण्याचा आवाज काढून रानडुकरं अगदी जवळ बोलावतात आणि धनुष्यबाणाने मारतात, व्हिडिओ पाहिलेत, मग आपल्या वनखात्याने गावागावात तसं ट्रेनिंग का देऊ नये. तुम्ही बाजूला फोटोसकट चौकटही टाकलीत, 'अमेरिकेतील जावेलिना जातीचे रानडुक्कर' अशी. हे सगळं माझ्या बहिणीने देवरुखहून व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि खाली लिहिलं, "दादा, हे तुझंच चाललंय ना तिकडे?" आता माझंच चाललंय म्हटल्यावर उत्तर देणं आलं.

मी फीनिक्सजवळ चँडलरला गेली चौदा वर्षं राहतो, कंप्युटरवरची नोकरी, आणि त्यातल्या सहा वर्षांचे जानेवारी महिने धनुष्य घेऊन हावेलिनाच्या मागे डोंगरात घालवलेत. सहा सीझनमध्ये मारले दोन. हा हिशोब आधीच सांगून टाकतो म्हणजे कोणी मोठा शिकारी बोलतोय असा गैरसमज नको. धनुष्यच का, तर सुरुवातीला व्हिसावर होतो, बंदुकीच्या कायद्याची भानगड अंगावर घ्यायची नव्हती, धनुष्याला तसलं काही नाही, दुकानात जाऊन आणलं आणि घराजवळच्या रेंजवर वर्षभर नुसतं थर्माकोलवर मारत बसलो.

आधी नाव. शब्द स्पॅनिश आहे, पहिलं अक्षर इंग्रजीत 'ज' वाटलं तरी तिथे त्याचा उच्चार 'ह', म्हणून हावेलिना. स्पॅनिश लोक त्यांच्याकडच्या रानडुकराला हाबाली म्हणतात, इकडे आल्यावर झुडपात तसंच काहीतरी दिसलं तर त्यालाही तेच चिकटवलं. म्हणजे तुमच्या चौकटीतली चूक तशी चारशे वर्षं जुनी आहे, तुम्हाला एकट्याला दोष देत नाही.

पण चूक आहे ती आहेच. शास्त्रात याला कॉलर्ड पेकरी म्हणतात, मानेभोवती पांढुरका पट्टा असतो म्हणून, आणि त्याचं घराणंच डुकरांपेक्षा वेगळं, कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटलेलं. ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सासपासून खाली पार अर्जेंटिनापर्यंत सापडतो. मोठा नर म्हणजे २०-२५ किलो, आपल्या गावठी कुत्र्यापेक्षा थोडा जड, आणि उंची गुडघ्याच्या जरा वर. शेपूट शोधावी लागते. आपल्या डुकराचे सुळे बाहेर वळलेले असतात, याचे सरळ वरखाली, एकमेकांवर घासून धार लावलेले. मागच्या पायाला डुकराला चार बोटं, याला तीन. आणि शेपटीच्या वर वीतभर अंतरावर पाठीवर एक ग्रंथी असते, तिचा वास एकदा नाकात गेला की दोन दिवस जात नाही, कळपातले एकमेकांना अंग घासून तो वास लावतात म्हणजे आपलं कोण परकं कोण ते कळतं. वारा बरोबर असेल तर जनावर दिसायच्या आधी वास येतो. माझी बायको म्हणते तुझ्या शिकारीच्या जॅकेटलाच तो वास आहे, ते गॅरेजच्या आत आणायचं नाही.

गंमत म्हणजे हा जिथे राहतो तो मुलूख मराठी माणसाला अजिबात परका वाटत नाही. पहिल्यांदा इकडच्या ओरॅकल गावाच्या पुढच्या टेकड्यांवर गेलो तेव्हा वाटलं सांगोल्याच्या माळावर उभा आहे. फड्या निवडुंग, घायपात, वेड्या बाभळीचे भाऊबंद, तेच काटे, तीच लाल माती. अर्थात हिशोब उलटा आहे, हे सगळं मूळचं इकडचं, आपल्या बांधावर नंतर आलं. हावेलिना फड्या निवडुंग काट्यांसकट खातो. पान चावलेलं असेल तर कडा फाटक्या, दोरे लोंबत असलेल्या दिसतात, आणि दोऱ्यांवर अजून ओल असेल तर समजायचं कळप याच डोंगरात आहे. घायपाताचा गड्डाही असाच उकरून चघळून टाकलेला असतो, उसाच्या चोयट्यासारखा चोथा पडलेला.

मला हे सगळं शिकवलं शेजारच्या म्हाताऱ्याने. जन्मभर सॅन मॅन्युएलच्या तांब्याच्या खाणीत काम केलेला माणूस, मेक्सिकन घरातला, बोलतो कमी आणि बोलला तरी अर्धं स्पॅनिशमध्ये. मी आवाजाचं एक यंत्र ऑनलाइन मागवलं होतं, रिमोटवाला स्पीकर, ते बघून तो नुसता हसला आणि खिशातून बोटाएवढी प्लास्टिकची नळी काढून दिली. तोंडाशी पातळ पत्ती, ओठाने दाबायची आणि फुंकायची. आपण लहानपणी उन्हाळ्यात आंब्याच्या कोयीची पिपाणी घासून वाजवायचो ना, अगदी तोच प्रकार. पत्ती टोकाला दाबली की आवाज बारीक, मागे दाबली की जाडा. हातात घेतली आणि पहिल्या फुंकीला माझ्याकडून जे निघालं ते ऐकून त्याची बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली काय झालं बघायला.

आता मुद्दा, की हा आवाज ऐकून हावेलिना येतो का. कोल्हा किंवा कोयोटी (इकडचा, कोल्ह्या-लांडग्यांचा भाऊबंद) येतो तो खायला मिळेल म्हणून, ससा ओरडतोय म्हणजे जेवण तयार. हावेलिना त्यासाठी येत नाही. तो आवाज त्याच्या स्वतःच्या पिल्लाचा असतो, कोणीतरी धरलंय आणि ते ओरडतंय असा. कळप आठ-दहाचा, कधी विसाचाही, रात्री थंडीत एकमेकांना चिकटून झोपणारा, आणि पिल्लू ओरडलं की त्यातले मोठे धावून येतात धरणाऱ्याला फाडायला. म्हणून येतात. काकांनी व्हिडिओत जे पाहिलं ते हे आहे. सगळे येतात असंही नाही बरं का, पुष्कळदा सगळा कळप उलट्या दिशेला धूम पळतो, व्हिडिओत तेवढं दाखवत नाहीत.

तिसऱ्या सीझनचा एक दिवस सांगतो. जानेवारीचा दुसरा आठवडा, पहाटे गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा. आम्ही टेकडीवर दुर्बिणी स्टँडवर लावून बसलो होतो, कारण हावेलिनाला अंगावर केस विरळ, थंडी सोसत नाही, त्यामुळे सकाळी ऊन पडलं की दक्षिणेकडच्या उतारावर शेकायला बाहेर येतात. मी तासभर बघतोय, नुसते दगड. आणि पावणेआठला समोरच्या उतारावर उन्हाची पट्टी सरकली तसे त्यातले काही दगड हलले. मोजले तर नऊ. त्यातला एक छोटा लालसर, पिल्लं पहिले काही महिने त्या रंगाची असतात, इकडचे शिकारी त्यांना नुसतं 'रेड' म्हणतात.

नजर त्यांची कच्ची, पन्नास-साठ पावलांवर स्थिर उभा माणूस आणि झुडूप यात त्यांना फारसा फरक कळत नाही. पण नाक! म्हाताऱ्याच्या खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली असते, दर पाच मिनिटांनी चिमूटभर हवेत उडवतो. सकाळी थंड हवा डोंगरावरून खाली वाहते म्हणून खालून चढायचं, दहाच्या सुमाराला ऊन तापलं की तीच हवा वर चढायला लागते आणि मग खालून गेलात तर तुमचा वास तुमच्या आधी पोचतो. म्हणजे आमच्या हातात दीड-दोन तास. उतरलो, कोरड्या ओढ्यातून वाकून वाकून गेलो, आणि साधारण दीडशे यार्डांवर (यार्ड म्हणजे आपला वारच, साडी मोजायचा) कळप झाडोऱ्यात दिसेनासा झाला. तिथे त्याने मला एका पालो व्हर्दे झाडाच्या पुढे गुडघ्यावर बसवलं, झाडाच्या मागे नाही, पुढे, म्हणजे सावलीत आकार मिसळतो आणि बाण सोडायला जागा मोकळी राहते. स्वतः माझ्या मागे पंधरा पावलांवर. का, तर येणारं जनावर आवाजाच्या जागेकडे बघत येतं, माझ्याकडे नाही.

आणि त्याने फुंकलं. मला आधी माहीत होतं तरी अंगावर काटा आला. सलग, न थांबता, श्वास घ्यायलासुद्धा नाही, कारण थांबलं की तेही थांबतात आणि थांबले की नाक वापरतात. अर्धा मिनिट काहीच नाही. मग ओढ्याच्या पलीकडून खोल छातीतून 'हूफ', जसं कोणी रिकामा ड्रम ठोकावा. मग काटक्या मोडल्याचा आवाज, तीन ठिकाणी एकदम. मग दातांचा आवाज. हा आवाज कसा सांगू, आमच्या आजीचा पितळी अडकित्ता होता, सुपारी फोडायच्या आधी ती तो नुसता दोन-तीनदा रिकामा वाजवायची, टक टक टक, तसा, फक्त तीन अडकित्ते आणि रागावलेले. वासही तेव्हाच आला.

पहिली झुडपातून बाहेर आली ती मादी. मानेवरचे केस ताठ उभे, त्यामुळे आकाराने दुप्पट दिसत होती. नऊ पावलांवर येऊन थांबली, सरळ माझ्याकडे तोंड करून. समोरून बाण मारत नाहीत, छातीचं हाड असतं, जनावर जखमी होऊन जातं, बाजूने उभं राहिल्यावर पुढच्या पायाच्या मागे, खालच्या तिसऱ्या भागात, तिथेच मारायचं. मी धनुष्य ताणून धरलेलं. आमची धनुष्यं चाकांची असतात, ६० पौंडांचं धनुष्य पूर्ण ताणल्यावर हातात बारा-पंधरा पौंडच भार राहतो, तरी मिनिटभराने खांदा थरथरायला लागतो. मागून म्हातारा वाजवतोच आहे. ती दोन पावलं पुढे आली, मग आवाज नक्की कुठून येतोय ते कळेना म्हणून बाजूला वळली, सात पावलांवर, अगदी पाहिजे तशी उभी. माझी २० यार्डांची पिन (धनुष्यावरची नेम धरायची खूण) तिच्या खांद्यामागे टेकलेली.

आणि तिच्या पोटापलीकडे तो लाल छोटा. तिला चिकटून. या अंतरावर बाण जनावरात थांबत नाही, आरपार जातो, पलीकडे काय आहे ते बघूनच सोडायचा असतो. मी वाट बघितली. तो सरकेना. ती सरकेना. शेवटी माझा खांदाच सरकला, धनुष्य खाली घेताना केबलचा बारीकसा आवाज झाला आणि पुढच्या सेकंदाला तिथे फक्त धूळ होती. ते दोघं पळताना इतक्या जवळून गेले की छोट्याच्या पाठीवरची गडद रेघ दिसली.

म्हाताऱ्याने विचारलं का नाही मारलंस. मी सांगितलं. तो "बुएनो", म्हणजे बरं, एवढंच म्हणाला आणि थर्मासमधली कॉफी ओतली. नंतर परत येताना गाडीत म्हणाला की पिल्लाच्या आवाजाने बोलावलंस तर पिल्लूवालीच आधी येणार, हे डोक्यात ठेवून बसायचं, नाहीतर पिपाणी घरी ठेवायची. तेव्हापासून मी आवाज शेवटी काढतो, आधी चालत जवळ जायचा प्रयत्न करतो, आणि कळप बिचकून पांगला तरच पिपाणी. पांगलेले हावेलिना तसेही एकमेकांना आवाज देत परत गोळा व्हायला बघतात, तेव्हा एकटादुकटा नर येतो. माझे दोन्ही तसे मिळालेत, एक १८ यार्डांवर, एक २२ वर.

आणि एक हिशोबात धरला नाही तो पण सांगतो, नाहीतर वरचं सगळं वाचून वाटेल की धनुष्य म्हणजे एकदम स्वच्छ काम. पहिल्याच सीझनला मी घाईत मारला, बाण मागे लागला, पोटात. रक्ताचा माग तीनशे पावलं मिळाला मग खडकावर संपला. अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून परत गेलो, नाही मिळाला. बाणाने जनावर लगेच पडतं ते बरोबर जागी लागला तर, आणि बरोबर जागा म्हणजे तळहाताएवढी. शेतकरी काकांना मला हेच सांगायचंय की वर्षभर सराव केलेल्या माणसाची, दिवसाउजेडी, वीस किलोच्या जनावरावर ही गत आहे.

तुमच्याकडे येणारं जनावर ८०-१०० किलोचं. येतं रात्री. आजोबा पारधीला जायचे त्या काळात, म्हणजे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यायच्या आधी, ठासणीच्या बंदुका, वीसएक माणसं, अर्धे हाकाऱ्याला आणि अर्धे जागेवर, डुकराला कोणी जवळ बोलवायचं नाही, उलट त्याला त्याच्या वाटेने पळवत न्यायचं जिथे बंदूकवाला बसलाय. पिल्लंवाली मादी उठली तर हाकारे झाडावर. आजोबांच्या मांडीवर एक जुनी खूण होती, कोपरापासून मनगटाएवढी लांब, ती सुळ्याची, आणि ते जनावर गोळी लागलेलं होतं. आता त्या जनावराला पिल्लाचा आवाज काढून कोणी नऊ पावलांवर बोलावणार असेल, हातात धनुष्य घेऊन, जमिनीवर बसून, तर मला त्याची काळजी वाटते, डुकराची नाही.

बरं, धोका सोडा. समजा जमलं. तरी पीक वाचणार नाही, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. काकांनी उदाहरण घ्यायचंच होतं तर ॲरिझोनाचं नको, शेजारच्या टेक्सासचं घ्यायला पाहिजे होतं, कारण तिथे खरं डुक्कर आहे. युरोपियन लोकांनी आणलेली पाळीव डुकरं सुटली, नंतर शिकारीसाठी सोडलेल्या रानडुकरांशी त्यांची सरमिसळ झाली, आणि ती जात म्हणजे आपल्या रानडुकराचीच. त्यांच्यावर तिथे ना सीझन, ना संख्येची मर्यादा. २०११ मध्ये कायदा करून हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालायला परवानगी दिली, लोक पैसे भरून जातात. २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर लायसन्ससुद्धा लागत नाही. रात्री मारा, सापळे लावा, काहीही करा. आणि तरीही टेक्सासचे शेतकरी आपल्या काकांसारखेच कपाळाला हात लावून बसलेत, कारण मादी एका वेळेला पाच-सहा पिल्लं घालते आणि वर्षाच्या आत ती पिल्लंही व्यायला तयार.

त्याच टेक्सासच्या त्याच रानात हावेलिनाही राहतो. त्याच्यासाठी मात्र माणशी वर्षाला दोन, बस. कारण त्याला वेताला पिल्लं दोनच. एकेकाळी कातड्यासाठी, हातमोजे आणि ब्रश बनवायला, इतके मारले की १९३९ मध्ये त्याला शिकारीचं जनावर म्हणून कायद्यात घ्यावं लागलं, म्हणजे नियम लागू झाले, मोजणी आली. आमच्या ॲरिझोनातही तसंच, ऑक्टोबरमध्ये अर्ज भरायचा, लॉटरीत नंबर लागला तर ठराविक भागाची चिठ्ठी मिळते, जानेवारीत धनुष्यवाल्यांचा सीझन, त्यानंतर फेब्रुवारीत बाकीचे, आणि एका चिठ्ठीवर एकच जनावर. किती चिठ्ठ्या द्यायच्या ते खात्याने केलेल्या मोजणीवर ठरतं. मी धनुष्य विकत घेतलं त्याच्या किमतीत ११ टक्के कर होता, आधी बंदुकांवर असलेला आणि सत्तरच्या दशकात धनुष्यावरही आलेला, १९३७ च्या कायद्याप्रमाणे तो पैसा फिरून वन्यप्राण्यांच्या खात्याकडेच जातो. थोडक्यात हावेलिनाची शिकार ही जनावर टिकावं म्हणून बांधलेली व्यवस्था आहे, आणि काकांना पाहिजे ते नेमकं उलटं, जनावर कमी व्हावं. एकाची युक्ती दुसऱ्याला कशी लागू पडणार.

हावेलिना त्रास देत नाही असं नाही. २०२३ मध्ये सेडोनाजवळचं एक गोल्फ कोर्स कळपाने रात्रीतून नांगरून ठेवलं होतं, हिरवळीखालच्या अळ्या खायला, तुमच्याकडेही कोणी व्हिडिओ फिरवला असेल. आमच्या भागात लोक कौतुकाने भाकरतुकडा घालतात, जनावर धीट होतं, मग एक दिवस कोणाच्या तरी कुत्र्यावर धावून जातं, कुत्रा म्हणजे त्याच्या हिशोबी कोयोटी. मॅरिकोपा, पिमासारख्या मोठ्या काउंट्यांमध्ये (म्हणजे इकडचे जिल्हे) म्हणून वन्यप्राण्याला खायला घालणं गुन्हा आहे. पण कोणाचं वर्षाचं पोट त्यावर अवलंबून नसतं, गोल्फवाल्यांचं गवत परत उगवतं. नाचणीचं तसं नाही. माझ्या काकांनी देवरुखजवळचा डोंगराकडचा तुकडा चार वर्षांपूर्वी पडीक टाकला, डबे वाजवून, फटाके लावून, रात्र रात्र माचावर बसून थकले. त्यामुळे त्या पत्रातला राग मला कळतो, तो खोटा नाही.

पण उपाय मागायचा तर तो मागा जो मिळू शकतो. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारायची परवानगी वनखात्याकडून मिळायची सोय कायद्यात आहे, केरळने तर २०२२ मध्ये तो अधिकार थेट पंचायतीच्या प्रमुखांकडे दिला. ती परवानगी आठवड्याच्या आत मिळावी, मारणारा माणूस बंदुकीत तरबेज असावा, भरपाईचा पंचनामा पीक कुजायच्या आधी व्हावा, यासाठी भांडा, मी सही करायला तयार आहे. आणि एवढ्या रागात कोणी कुंपणात वीज सोडू नका, त्यात डुकरापेक्षा माणसं आणि गुरंच जास्त सापडतात, आमच्या वाडीत एक बैल गेलाय.

शेवटचा प्रश्न बहिणीचाच होता, की मारल्यावर खाता का त्याला. खातो. सोलताना पाठीवरची ग्रंथी कातड्याबरोबर आपोआप निघून येते, फक्त तिला लागलेला हात किंवा सुरी मटणाला लावायची नाही, मी सरळ हातमोजे बदलतो. चरबी जवळजवळ नसते, म्हणून घाई केली तर चामडं होतं. म्हाताऱ्याची बायको हिरव्या मिरच्यांत दिवसभर मंद शिजवते आणि टॉर्टियात घालून देते. आमच्याकडे कुकरला सात शिट्ट्या, मग वाटण आणि आईने पाठवलेला मालवणी मसाला. पहिल्या वेळी म्हाताऱ्याला डबा नेऊन दिला तर दुसऱ्या दिवशी रिकामा डबा आणि मसाल्याची पुडी कुठे मिळते अशी चिठ्ठी. पारधीच्या वाट्यांसारखाच आमचाही नियम आहे, मारणारा कोणीही असो, दोन घरांत वाटे.

कळावे,
आपला एक वाचक, चँडलर, ॲरिझोना (मूळ गाव देवरुख)

ता.क. चौकटीतला फोटोही हावेलिनाचा नाही. सुळे बाहेर वळलेले आहेत आणि शेपूट लांब दिसतेय, ते टेक्सासचं डुक्कर असणार. दुरुस्ती छापलीत तर 'ह' ने छापा, बहिणीला कात्रण पाठवायला सांगितलंय.